वाहती देवता: महाबळेश्वर ते सांगली, कृष्णाबाईच्या काठाने

(१) सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एक देवता अशी आहे की तिची ओटी भरतात, तिला नवस बोलतात, वर्षातून एकदा तिची मूर्ती थाटाने घाटावर आणून उत्सव करतात; आणि हे सारे चाललेले असताना ती स्वतः घाटाखालून संथ वाहत असते. तिचे नाव कृष्णाबाई. हा दीर्घ धागा तिच्या देवस्थानांचा आहे, आणि ती देवस्थाने ज्यांच्या कर्तव्यबुद्धीवर टिकली त्या माणसांचाही.

(२) आरंभ थोडा दूरवरून करू. जपानी चित्रपट आणि ॲनिमे पाहणाऱ्या तरुण वाचकांना ‘तोरी’ नामक लाल प्रवेशकमान परिचित असेल. ती शिंतो देवस्थानाची खूण. शिंतो परंपरेत देवत्वाला ‘कामी’ म्हणतात. कामी पर्वतात असतो, धबधब्यात असतो, जुन्या वृक्षात असतो. नाची येथे धबधबा हीच देवता आहे. मिवा पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या प्राचीन देवस्थानात गाभारा बांधलेलाच नाही, कारण तेथे पर्वत हाच देव.

(३) शिंतो देवस्थानात प्रवेश करण्यापूर्वी यात्रेकरू लाकडी पळीने पाणी घेऊन आधी डावा हात, मग उजवा हात धुतो आणि चूळ भरतो. जपानचे सर्वांत पूज्य स्थान म्हणजे इसे. तेथील अंतर्देवस्थानात जाणारा भाविक इसुझू नदीच्या दगडी पायऱ्या उतरून थेट प्रवाहातच हात धुऊ शकतो. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याला आधी हात लावणारा आणि मग देवाकडे वळणारा आपल्याकडचा यात्रेकरू या दृश्याला परका मानणार नाही.

(४) हे साम्य दाखवून ‘सारे आपल्याकडूनच गेले’ असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. दोन्ही परंपरा आपापल्या भूमीत वाढल्या. मात्र इसेच्या इतिहासातून एक प्रश्न मिळतो आणि तो कृष्णाकाठी फार उपयोगी पडतो: एखादे देवस्थान ‘जुने’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातले नेमके काय जुने असते? दगड, लाकूड, मूर्ती, की आणखी काही? हा प्रश्न मनात ठेवून उगमापासून निघू.

(५) क्षेत्र महाबळेश्वर. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवरचे हे पठार. येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. दगडी भिंतीतील मुखांतून पाणी येते, एकत्र होते आणि गोमुखातून कुंडात पडते. अरबी समुद्र येथून अगदी जवळ. तरी कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते.

(६) या उगमाची पुराणकथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. सह्याद्रीवर ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला. सावित्रीला यायला उशीर झाला, म्हणून तिच्यावाचूनच कार्य सुरू झाले. संतापलेल्या सावित्रीने देवांना शाप दिला: तुम्ही जलरूप व्हाल. विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा झाला आणि ब्रह्मदेव ककुद्मती, म्हणजेच आजची कोयना झाला. या कथेत देव नदीकाठी येऊन राहत नाहीत. ते स्वतःच नदी होतात. नाचीच्या धबधब्यापाशी उभा राहणारा भाविक ही कल्पना सहज ओळखेल.

(७) याच क्षेत्री महाबळेश्वराचे स्थान आहे. तेथील स्वयंभू लिंग म्हणजे घडवलेली शाळुंका नव्हे, तर खाचखळग्यांचा नैसर्गिक पाषाण आहे. जवळच कृष्णामाईचे जुने देऊळ काळ्या दगडात उभे आहे. त्याची बांधणी यादवकालीन धाटणीची मानली जाते. आतून पाणी गोमुखावाटे बाहेरच्या कुंडात उतरते. गर्दीच्या वाटेपासून ते थोडे बाजूला असल्याने बरेच पर्यटक ते न पाहताच परततात.

(८) इतिहासाने या उगमाला साक्ष म्हणूनही वापरले. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी शिवाजी महाराजांनी येथे मातोश्री जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली. वयोवृद्ध सोनोपंत डबीर यांचीही तुला झाली. राज्यकर्त्याने दान कोठे करावे याचे उत्तर त्या काळी राजवाड्यात शोधले जात नसे. ते नदीच्या मुखाशी मिळत असे.

(९) उगमाहून प्रवाह उतरतो आणि धोमला येतो. आज धोम म्हटले की धरण आठवते. परंतु गावातील महादेव मंदिरासमोरचा नंदी आवर्जून पाहावा. तो दगडी कासवाच्या पाठीवर बसवला आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे. कुंडात पाणी भरले की कासव तरंगत असल्याचा भास होतो. पाण्यावाचून हे शिल्प अपुरेच राहते.

(१०) पुढे मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेचा सुंदर घाट आणि मेणेश्वराचे देऊळ. पेशवाईच्या अभ्यासकांना ‘मेणवली दप्तर’ ठाऊक आहे. ती कागदपत्रे येथलीच. घाटावर एक अवजड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बालयेशूसह माता मेरी यांची आकृती आहे. ही घंटा मूळची पोर्तुगीज चर्चची; १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यानंतर अशा अनेक घंटा मराठी मुलखात आल्या. भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर येथेही तशा घंटा आहेत.

(११) युद्धात मिळालेल्या त्या घंटेवरची मेरी कोणी खरवडून काढली नाही. जशी आली तशीच ती शिवमंदिराशी टांगली गेली. परंपरा परकी वस्तू कशी पचवते याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. पण याच घंटेमागे पाडाव झालेल्या गावाची कहाणी आहे हेही विसरता कामा नये. वस्तूच्या इतिहासात दोन्ही बाजू असतात.

(१२) मेणवलीपासून अवघ्या काही किलोमीटरवर वाई, ‘दक्षिण काशी’. या धाग्याचा गाभा येथे आहे. वाईला सात घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. ही नावे नीट वाचा. त्यांतली बरीचशी वस्तीची नावे आहेत. घाट ही गावाची पायरी होती आणि प्रत्येक आळीला आपली पायरी होती.

(१३) १६५९ साल. आदिलशाही सरदार अफझलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला आणि त्याने वाईला छावणी केली. वाईचा सुभा पूर्वीपासून त्याच्याकडेच होता, त्यामुळे मुलूख त्याला परिचित होता. प्रतापगड येथून फार दूर नाही. वाईकरांच्या दृष्टीने हे संकट थेट उंबरठ्यावर आले होते.

(१४) वाईची परंपरा सांगते की त्या दिवसांत शेंडे घराण्यातील एका शास्त्रीबुवांनी कृष्णेला नवस केला: हे अरिष्ट टळू दे, तुझा उत्सव करू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला. नवस फेडला गेला आणि कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला. नवसाची कथा परंपरेने आलेली आहे. खानाची छावणी, ते वर्ष आणि ते भय यांना मात्र इतिहासाचा भक्कम आधार आहे.

(१५) या उत्सवाची रचना पाहा. हिवाळा सरताना तो एका घाटावर सुरू होतो आणि एकामागून एक घाटांवर फिरत जातो. कृष्णाबाईची मूर्ती वाजतगाजत त्या त्या घाटावर येते, मांडव पडतो, पूजा, कीर्तन, प्रवचन, गायन आणि महाप्रसाद होतो. बायका खण-नारळाने ओटी भरतात. मग पाळी पुढच्या घाटाची. एका दिवसात उरकण्यासारखी गोष्ट गावाने आठवड्यांवर पसरवली आहे.

(१६) यात मोठे व्यावहारिक शहाणपण आहे. उत्सव एकाच घराण्याच्या वा एकाच देवळाच्या हाती असता तर त्या घराण्याच्या उतरत्या काळात तोही आटला असता. येथे प्रत्येक घाटाला आपली पाळी, आपली वर्गणी, आपले मानपान. शेजारच्या घाटाचा उत्सव उत्तम झाला की आपला त्याहून उणा पडू नये ही ईर्ष्याही आलीच. उत्सव येणार म्हणून घाट झाडला जाई, निखळलेली पायरी बसवली जाई. भक्तीच्या पोटात देखभालीची व्यवस्था दडलेली होती.

(१७) आता इसेकडे पुन्हा पाहू. तेथील मुख्य देवालये दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नव्याने बांधतात आणि देवतेला समारंभपूर्वक नव्या वास्तूत नेतात. हा विधी पहिल्यांदा इ. स. ६९० मध्ये झाला. २०१३ मध्ये तो ६२व्यांदा झाला. पुढचा २०३३ मध्ये होईल. म्हणजे देवस्थान तेराशे वर्षांचे, पण लाकूड कधीच वीस वर्षांहून फारसे जुने नसते.

(१८) मग तेथे जुने काय? सुताराच्या हातातले कसब जुने. वीस वर्षांच्या अंतरामुळे एका कारागिराला आयुष्यात दोन-तीनदा हे काम करण्याची संधी मिळते: आधी शिकाऊ म्हणून, मग जाणता म्हणून. नव्या देवालयाचे ओंडके ओढून आणण्याचे काम इसेचे नागरिक मोहल्लेवार करतात. काही ओंडके इसुझूच्या पात्रातूनच ओढले जातात. उतरवलेले जुने लाकूड वाया जात नाही. ते अन्य देवस्थानांच्या कामी येते.

(१९) ही परंपराही अखंड चालली नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत शंभराहून अधिक वर्षे नवबांधणी थांबली होती. नंतर ती पुन्हा उभी राहिली, कारण कोणी काय करायचे याची स्मृती पुसली गेली नव्हती. मघाच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. देवस्थानाचे वय मोजायचे तर वाटून दिलेल्या कर्तव्यांचे वय मोजावे लागते. वाईचे सात घाट आणि इसेचे मोहल्ले या एका बाबतीत सख्खे शेजारी आहेत.

(२०) कृष्णाकाठालाही स्वतःचे कालचक्र आहे. गुरू कन्या राशीत प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे साधारण बारा वर्षांनी, गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे. हे कन्यागत पर्व. ते २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले, तेव्हा तेलुगू प्रदेशात याच नदीचे ‘पुष्करम्’ चालू होते. पंचगंगा मंदिरातही भागीरथीचा प्रवाह बारा वर्षांनी आणि सरस्वतीचा साठ वर्षांनी प्रकटतो असे मानतात. पुढचे कन्यागत पर्व २०२८ च्या सुमारास.

(२१) वाईच्या बांधकामाकडे येऊ. अठराव्या शतकात रास्ते घराण्याने येथे भरभरून बांधले. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, आनंदराव भिकाजी रास्ते यांचे. प्रसिद्ध ढोल्या गणपती १७६२ चा, गणपतराव भिकाजी रास्ते यांचा. हा गणपती ऐन घाटावर, पुराच्या तडाख्यात बसवला आहे. पहिल्या नजरेला हा अविचार वाटेल.

(२२) म्हणून देवळाच्या मागच्या बाजूला जा. तेथील भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची, टोकदार होत गेलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळतो, दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. जवळपास प्रत्येक मोठ्या पावसाळ्यात पाणी या देवळात शिरते. पाणी ओसरते, गाळ काढला जातो, पूजा सुरू होते. बांधणाऱ्याने नदीला अडवले नाही. तिचा मार्ग गृहीत धरून मग आपली भिंत घडवली.

(२३) पण इतिहास लिहिताना घाटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देवी सर्वांची असली तरी पायऱ्या सर्वांच्या नव्हत्या. जुन्या गावरचनेत पाणवठे जातवार वाटलेले असत; कोणी कोठे पाणी भरायचे, कोणी प्रवाहाच्या खालच्या अंगाला जायचे हे ठरलेले असे. याच सातारा शहरात १९०० मध्ये भीमराव आंबेडकर शाळेत दाखल झाले. १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राच्या पाणवठ्यांचा होता. परंपरेतले काय जपायचे हे ठरवताना काय सोडायचे हेही ठरवावे लागते.

(२४) वाईहून पुढे साताऱ्याजवळ माहुली, कृष्णा-वेण्णा संगम. प्राचीन वाङ्मयातील ‘कृष्णवेणी’ या जोडनावाची येथे आठवण होते. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ संगमाची शोभा आहे. न्यायनिष्ठ रामशास्त्री प्रभुणे मूळचे याच गावचे. छत्रपतींच्या राजधानीचा हा राजघाट आणि दहनभूमीही.

(२५) येथे छत्रपती शाहू महाराज, महाराणी येसूबाई आणि ताराराणी यांच्या समाध्या आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे, आणि पर्यटकांना बहुधा तीच आधी दाखवली जाते. औरंगजेबाशी झुंजलेल्या ताराराणींची समाधी मात्र पुराने आणि आपल्या दुर्लक्षाने जीर्ण झाली. कारण उघड आहे: ती जपण्याची पाळी कोणाची, हे कोणी ठरवून दिलेले नव्हते. वाईच्या घाटांना जे मिळाले ते या समाधीला मिळाले नाही.

(२६) मग कऱ्हाड. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन भेटतात. म्हणून हा प्रीतिसंगम. महाबळेश्वरी एकाच डोंगरावर जन्मलेल्या दोन नद्या वेगवेगळ्या खोऱ्यांतून फिरून येथे पुन्हा एकमेकींना मिळतात. काठावरची कृष्णामाई ही कऱ्हाडची ग्रामदेवता. याच संगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. नदीकाठी माणसाची शेवटची आठवण ठेवण्याची रीत विसाव्या शतकातही सुटली नाही.

(२७) कऱ्हाड ओलांडले की नदी सांगली जिल्ह्यात उतरते आणि तिचा स्वभाव पालटतो. डोंगर मागे राहतात, पात्र वळणे घेऊ लागते, काळी जमीन दोन्ही अंगांना पसरते. पलूस तालुक्यात औदुंबर हे दत्तक्षेत्र आहे, तर कृष्णा-येरळा संगमावर ब्रह्मनाळ. रामदास स्वामींसह ज्या पाच सत्पुरुषांना ‘दासपंचायतन’ म्हणतात, त्यांपैकी आनंदमूर्ती स्वामी हे ब्रह्मनाळचे.

(२८) ब्रह्मनाळचे नाव २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र वेगळ्या कारणाने घरोघरी पोचले. महापुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांनी जीव गमावला. ज्या संगमाला पिढ्यान् पिढ्या नमस्कार केला, त्याच पाण्याने हे घडले. नदीला आई म्हणणाऱ्या समाजाला या घटनेकडे भावनेच्या पलीकडे जाऊन पाहावे लागते.

(२९) सांगली शहरात पावसाळ्यात एक प्रश्न सर्वत्र ऐकू येतो: ‘आयर्विनला पाणी किती?’ सांगली संस्थानाच्या काळात बांधलेला आणि १९२९ मध्ये खुला झालेला हा आयर्विन पूल म्हणजे शहराची पूरपट्टी. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २००५ मध्ये पाणी धोक्याच्या बरेच वर गेले. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे चढले. सांगलीकर या आकड्यांवरून सामान हलवायचे की माणसे, हे ठरवतात.

(३०) सांगलीला लागूनच हरिपूर, कृष्णा-वारणा संगम आणि संगमेश्वराचे देऊळ. या गावाची एक खास ओळख म्हणजे हळदीची पेवे. जमिनीत खोल खोदलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राही, आणि सांगलीच्या हळदबाजाराचा मोठा आधार ही पेवे होती. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि प्रचंड माल नासला. त्यानंतर पेवांचा वापर ओसरला. अनेक पिढ्यांनी ज्या जमिनीवर भरवसा ठेवला, ती जागा पाण्याने घेतली.

(३१) या महापुरांची कारणे अनेक आहेत: थोड्या दिवसांत कोसळलेला अतोनात पाऊस, धरणांतील विसर्ग, नदीच्या पात्रात आणि पूररेषेत झालेली बांधकामे, बुजवलेले ओढे. यांतील पाऊस आपल्या हाती नाही. पण ढोल्या गणपतीची मागची भिंत बांधणाऱ्याला जी गोष्ट समजली होती, ती पूररेषेत घर उभारताना विसरली गेली, हे मान्य करावे लागेल. त्याच्यासाठी पुराचे पाणी हा देवीचा हक्क होता.

(३२) दुसरी जखम हळू पसरते. कृष्णेच्या महाराष्ट्रातील पात्राचा समावेश देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांत झालेला आहे. सांगलीजवळ अलीकडच्या वर्षांत मृत माशांचा खच पाण्यावर आलेला लोकांनी पाहिला. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि आपण वाहिलेले प्लास्टिकच्या पिशवीतले निर्माल्य, तिन्ही एकाच प्रवाहात जातात. सकाळी ओटी आणि दुपारी सांडपाणी, असा हा व्यवहार आहे.

(३३) येथे जपानचा एक कटू अनुभव सांगण्यासारखा आहे. १९०६ पासून तेथील सरकारने लहान देवस्थाने मोठ्यांत विलीन करण्याचे धोरण राबवले. हजारो देवस्थाने गेली आणि त्यांभोवतीच्या देवराया तोडल्या गेल्या. मिनाकाता कुमागुसू या निसर्गाभ्यासकाने याविरुद्ध रान उठवले. १९१० मध्ये त्याला काही दिवस कोठडीही भोगावी लागली. वृक्ष तोडले की मागे राहणारी वास्तू देवस्थान उरत नाही, असा त्याचा आग्रह होता. त्याच कीई पर्वतातील पवित्र स्थळे आणि यात्रामार्ग २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले.

(३४) हाच निकष कृष्णाकाठी लावा. घाट आहे, दीपमाळ आहे, देऊळ आहे, उत्सवाचा मांडव आहे. पण पायरीवर येणारे पाणी हात लावण्याजोगे नसेल तर काय उरले? इतर देवस्थानांत मूर्ती भंगली तर ती बदलता येते. कृष्णाबाईची खरी मूर्ती तिचा प्रवाह आहे, आणि त्याची प्रतिष्ठापना पुन्हा करता येत नाही.

(३५) तरुण मित्रहो, कृष्णाकाठच्या देवस्थानांना भेट द्याल तेव्हा काही गोष्टी अवश्य करा. देवळाची मागची भिंत पाहा. घाटावर पुराच्या खुणा शोधा आणि शिलालेख असल्यास त्यावर खडू वा तेल न लावता तिरप्या उजेडात छायाचित्र घ्या. घाटाचे नाव कोणत्या आळीवरून पडले ते विचारा. उत्सवाचा मान, वर्गणी, स्वयंपाक, पालखी ही कामे कोणाकडे आहेत ते वडीलधाऱ्यांकडून समजून घ्या आणि लिहून ठेवा. ही माहिती बहुधा कोणत्याही दप्तरात मिळत नाही.

(३६) आणि जमल्यास एखादी पाळी स्वतःकडे घ्या. उत्सवानंतर घाट झाडण्याची, निर्माल्य वेगळे करण्याची, गावच्या पूररेषेत काय बांधले जात आहे यावर लक्ष ठेवण्याची. १६५९ च्या भयातून जन्मलेला उत्सव साडेतीन शतके चालला, कारण दर पिढीत कोणीतरी ‘यंदा आमची पाळी’ म्हणत पुढे आले.

(३७) आपल्या गावचा घाट कोणता? तेथे नदीचा उत्सव कोणत्या तिथीला होतो, पुराची सर्वांत उंच खूण कोठे आहे? खाली प्रतिसादात गावाच्या नावासह लिहा. उगमापासून संगमापर्यंतची ही नोंद आपण सर्वांनी मिळून पुरी करू.

#कृष्णाबाई #वाई #सातारा #सांगली #इतिहासाचा_धागा